बत्तीशी आणि उशिराचा खटका

त्याला सगळे बत्तीशी म्हणायचे. खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते विजेच्या बिलापुरतं. धंदा कवळ्या बनवण्याचा. आता कवळीत दात असतात अठ्ठावीस, अक्कलदाढा कोणी मुद्दाम करून घेत नाही, हे त्यानं सुरुवातीला चार जणांना समजावूनही पाहिलं. पण लोकांनी एकदा नाव पाडलं की मोजायला कोण बसतंय? शेवटी दारातून कोणी "बत्तीशी आहे का?" असं विचारलं की हा आतून "आहे, आहे, या" म्हणायला लागला. वय एकसष्ट, आणि स्वतःचे दात मात्र सगळे शाबूत. त्यांची जाहिरात तो ओठ फाकवून फुकटात करायचा.

दुकान एका तीन मजली इमारतीच्या तळाला होतं. पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि एक आरसा. मागच्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. नवा माणूस आत डोकावला की आधी दचकायचा, आणि मग यातला माझा कोणता, असं विचारायचा. शेजारच्या गाळ्यात त्याचा तीस वर्षांचा दोस्त घड्याळं दुरुस्त करत बसायचा. तिसऱ्या मजल्यावर ताई राहायची, त्याची मोठी बहीण. बत्तीशीचं स्वतःचं बायकापोरांचं घर मागच्या गल्लीत होतं, पण दिवसातून दोनदा जिना चढून ताईकडे गेल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

कामाची पद्धत अशी. रस्त्यापलीकडच्या डॉक्टरीणबाई दात काढायच्या, माप घ्यायच्या आणि माणूस बत्तीशीकडे पाठवायच्या. हा आधी मेणाची हिरडी करायचा, तिच्यात दात रोवायचा आणि ते मेणाचं प्रकरण माणसाच्या तोंडात बसवून बघायचा. मेण आहे तोवर दात इकडेतिकडे सरकवता येतो. एकदा पक्की कवळी झाली की झालं, मग देवही तो दात हलवू शकत नाही. म्हणून त्या मेणाच्या बैठकीत माणसाचा चेहरा नीट दिसायला हवा. बोलताना दात किती दिसतात, हसताना ओठ कुठवर जातो, सगळं.

आणि गोची तिथेच होती. खुर्चीत बसून आरसा समोर आला की भल्याभल्यांची दातखीळ बसायची. चेहरा असा करून बसायचे की आता फाशीच द्यायची बाकी आहे. बत्तीशीनं फोनवर फोटो काढून पाहिले. पण फोन समोर धरला की माणसं मान तिरकी करायची आणि गाल आत ओढून घ्यायची. त्यात दात बघायचे कुठे?

म्हणून त्यानं जुन्या बाजारातून एक कॅमेरा आणला. पुढचं झाकण उघडलं की काळ्या भात्यावर भिंग बाहेर यायचं, त्यातला. रीळ घालायचा, एका रिळात बारा फोटो. असल्या म्हाताऱ्या यंत्रापुढे माणूस जरा मोकळा होईल, असा त्याचा हिशेब. विकणारा म्हणाला, "एकदम चालू आहे, साहेब." जुन्या बाजारात हे वर्णन बहुतेक वेळा विकणाऱ्याला लागू पडतं, वस्तूला नाही, हे बत्तीशीला घरी आल्यावर कळलं.

पहिला रीळ त्यानं मागच्या मोरीत काळा पडदा लावून धुतला, तर प्रत्येकाच्या तोंडावर वीज पडलेली. भात्याला भोकं होती. अंधार करून भात्यात छोटी बॅटरी घातली तर आत सगळं तारांगण. मोजून सतरा भोकं. ती त्यानं रबराच्या द्रावात काजळी कालवून एकेक करून बुजवली, दाताला चांदी भरावी तशी. मग मागचं झाकण घट्ट लागेना, कारण त्याची कडी तुटलेली. बत्तीशीजवळ कडी कुठली? त्यानं कवळीच्या हिरडीसाठी जो गुलाबी मसाला असतो त्याचीच कडी घडवून बसवली. त्या काळ्याकुट्ट कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात एक गुलाबी हिरडी आली. घड्याळवाला ती बघून इतका हसला की त्याच्या डोळ्यातलं भिंग खाली पडलं.

एवढं करून दुसरा रीळ काढला. त्यात काय निघावं? खुर्चीचा पाय. स्वतःचा गुडघा. चपला. एका फोटोत तर नुसतं छत. बत्तीशी दोन दिवस डोकं खाजवत होता. मग उमगलं. खटका दाबला की कॅमेऱ्यातून आवाजच येत नसे. हा समजायचा की अडकला, आणि कॅमेरा खाली घ्यायचा. आणि खाली घेतला की सात-आठ सेकंदांनी ते बेणं आपलं काम करायचं. खट्. असल्या कॅमेऱ्यांना एक उशीर करणारी कळ असते, काढणाऱ्याला पळत जाऊन स्वतः फोटोत उभं राहता यावं म्हणून. ती कळ आतल्या आत अडकून बसली होती, आणि तिची चाकं जुन्या तेलानं इतकी जड झाली होती की फिरतानाचा आवाजही बाहेर येत नव्हता. कधी चार सेकंद, कधी दहा. कॅमेऱ्याच्या मनाला येईल तसं.

तो हेही दुरुस्त करायला बसणारच होता. पण त्या दिवशी एक रिटायर कारकून मेणाच्या बैठकीला आले. बत्तीशीनं कॅमेरा तिवईवर ठेवला आणि खटका दाबला. कारकून ओठ आवळून बसले, बसले, आणि शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, काढताय का मी जायची वाट बघताय?" आणि स्वतःच्याच विनोदावर मोकळेपणी हसले. खट्. तो फोटो धुऊन निघाला तेव्हा बत्तीशी मोरीतच खाली बसला. इतका खरा चेहरा त्यानं तीस वर्षांत खुर्चीत पाहिला नव्हता. वरचे दोन दात मेणात केसभर खाली घेतले, आणि कारकुनांच्या बायकोनं कवळी बघून सांगितलं की हे लग्नात असेच दिसत होते.

झालं. त्या दिवसापासून बत्तीशीनं त्या बिघाडाला हात लावला नाही. खटका दाबायचा, हात खिशात घालायचे आणि गप्पा मारायच्या. माणूस कंटाळायचा, चिडायचा, हसायचा, आणि तेवढ्यात खट्. चार वर्षांत त्याचं नाव इतकं झालं की दोन-दोन गावं ओलांडून लोक यायला लागले. बत्तीशीची नजरच तशी आहे, असं म्हणायचे. आणि हा शहाणा मान खाली घालून ते ऐकून घ्यायचा. नजर कसली डोंबलाची, अडकलेली कळ ती! पण हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. घड्याळवाल्याला नाही, बायकोला नाही, ताईलाही नाही. कसब म्हणून मिरवायला बरं वाटत होतं, दुसरं काय.

आता ताईचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन ठेपतं.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर जायची, त्यामुळे हा वाढला तो ताईच्या कडेवर. पुढे ती टेलिफोन खात्यात लागली आणि तिनं चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून अख्ख्या गावाला एकमेकांशी बोलायला लावलं. आवाज असा की लोक चुकीचा नंबर मुद्दाम मागायचे. रिटायर झाल्यावरही तिचा फोन दिवसभर चालू. कोणाची सून रुसली, कोणाची बदली झाली, सगळ्याचं केंद्र तिसरा मजला.

सहा महिन्यांपूर्वी तिचे उरलेले दात काढावे लागले, आणि बत्तीशीनं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. निदान त्याला तसं वाटलं. ताईच्या एकाही फोटोत तिचं तोंड उघडं नव्हतं. लहानपणापासून ती कॅमेऱ्यापुढे ओठ मिटूनच उभी. पुढचे दात वाकडे होते, त्याची लाज वाटत असणार, असं तो धरून चालला. म्हणून त्यानं तिला कॅमेऱ्यापुढे न बसवताच दात दिले ते सरळ, एकसारखे, मोत्यांची ओळच. हातात ठेवताना म्हणाला, "वाकडं होतं, सरळ करून दिलंय. खूश होशील."

ताईनं ते घातले, आरशात पाहिलं आणि "छान आहेत" म्हणाली. दुसऱ्या दिवशी कवळी वाटीत. तिसऱ्या दिवशी वाटी फडताळात. का म्हणून विचारलं की म्हणायची, टोचतात. त्यानं घासून दिले. मग म्हणाली, सैल होतात. त्यानं घट्ट करून दिले. मग तिनं काही म्हणणंच सोडलं. तोंडावर हात धरून एका शब्दात उत्तर द्यायची. फोन वाजायचा आणि वाजून वाजून बंद पडायचा, ती उचलायची नाही. मैत्रिणींनी आधी रोज केले, मग आठवड्यानं, मग थांबल्या. जिना चढताना बत्तीशीला तो वाजणारा फोन ऐकू यायचा. गावाचे दात केले आणि जिनं आपल्याला बोलायला शिकवलं तिचं तोंड आपण बंद केलं, हे त्याला सहन होत नव्हतं.

दोन महिने मागे लागून त्यानं तिला नव्या कवळीसाठी तयार केलं. ताईनं तोंडावरचा हात न काढता अट घातली, "एकदाच बसेन. मग हा विषय नाही."

रविवार ठरला. बत्तीशी निर्धास्त होता. नव्या मेणात त्यानं दात आणखी नाजूक घेतले होते. बाकी मदतीला तो म्हातारा कॅमेरा होताच. ताईला खुर्चीत बसवायचं, खटका दाबायचा, जुन्या गप्पा काढायच्या, आणि तिचा खरा चेहरा आला की खट्.

पण गुरुवारी कॅमेऱ्याची रीळ गुंडाळायची किल्ली घसरायला लागली. एका फोटोवर दुसरा चढायचा, माणसाला दोन नाकं. बत्तीशीनं चिमटे घातले, सुया घातल्या, पण जमेना. नाइलाजानं शेजारी घेऊन गेला आणि म्हणाला, तेवढी किल्ली बघ.

आता हा घड्याळवाला काय माणूस आहे ते समजून घ्या. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं, तर याच्या घशाखाली पाणी उतरत नाही. खुर्चीवर चढून ते लावणार, आणि मग पाणी पिणार. अशा माणसाच्या हातात बत्तीशीनं तो कॅमेरा दिला, आणि तेवढी किल्ली बघ म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी घड्याळवाला कॅमेरा घेऊन आला. किल्ली केली आहे, म्हणाला, शिवाय आत सगळं तेल गोठलं होतं, तेही धुऊन काढलं आहे, आणि पैसे बिलकूल नकोत. बत्तीशी ताईच्या मेणावर वाकला होता. माणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. त्यानं पैसे नकोत एवढं ऐकलं, मान हलवली, आणि रीळ घालून कॅमेरा तिवईवर ठेवून दिला.

रविवारी दहाला ताई खाली आली. इस्त्रीचे कपडे, केस चापून बसवलेले, परीक्षेला आल्यासारखी. मेणाचे दात तोंडात घेतले आणि ओठ मिटले. बत्तीशीनं खटका दाबला, हात खिशात घालायला घेतले, आणि त्याच क्षणी खट्.

त्याला वाटलं, कॅमेरा आज लहरीत आहे. पुन्हा दाबलं. खट्. पुन्हा. खट्. पाव सेकंदाचाही उशीर नाही. मग त्याचं लक्ष त्या भिंगाच्या कडेकडे गेलं. इतकी स्वच्छ की त्यात त्याचं तोंड दिसत होतं. आणि शनिवारी आपण काय ऐकलं नव्हतं, ते त्याला ऐकू आलं.

त्यानं हार मानली नाही. उशीर करायची ती कळ बाहेरून ओढून पाहिली. आता ती मोकळी झाली होती, चालायला लागली, पण घर्रर्र आवाज करत. आणि ताईनं चौतीस वर्षं काम केलं ते टेलिफोन खात्यात. कानात घरघर आहे म्हणजे लाइन चालू आहे, आणि लाइन चालू असताना आपण मध्ये बोलायचं नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. घरघर थांबेपर्यंत ती श्वाससुद्धा बेतानं घेत होती. मग बत्तीशीनं विनोद सांगितले. शेजाऱ्याची नक्कल केली. एकदा तर मुद्दाम खुर्चीला अडखळून पडला. ताईनं काळजीनं पाहिलं, पण ओठ मिटलेलेच. बारा फोटो संपले. बाराही फोटोंत एक बंद पाकीट.

ताईनं मेणाचे दात काढून त्याच्या तळहातावर ठेवले. "बसले एकदा," एवढंच म्हणाली, आणि जिन्यावर तिची पावलं वाजत वर गेली.

बत्तीशी तडक शेजारी गेला. घड्याळवाला रविवारीही उघडा असायचा, जाणार कुठे बिचारा. बत्तीशीनं उंबऱ्यातूनच सुरुवात केली. किल्ली दिली होती, किल्ली करायची. बाकीच्याला हात लावायला सांगितलं होतं कोणी? घड्याळवाल्यानं डोळ्यातलं भिंगही न काढता शांतपणे उत्तर दिलं, की बिघाड दिसला म्हणून काढला, बिघाड काय कोणी विचारून काढतं?

तेव्हा बत्तीशीला सगळं ओकावं लागलं. कारकून, अडकलेली कळ, खिशातले हात, लोक वाखाणायचे ती नजर. चार वर्षांचं गुपित भररस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. घड्याळवाल्यानं आता भिंग काढलं. त्याचा चेहरा पडला होता. नाराज झाला होता म्हणा, पण त्याहून जास्त ओशाळला होता.

"मला काय स्वप्न पडणार होतं?" तो म्हणाला. "मी म्हटलं, वाकडं आहे, सरळ करून देऊ. खूश होशील."

"अरे, पण ज्याचं आहे त्याला आधी विचारायचं तरी!"

हे बत्तीशी इतक्या जोरात म्हणाला की समोरच्या दवाखान्याची खिडकी उघडली. आणि म्हणाला तो म्हणाला, आणि तोंड तसंच उघडं ठेवून उभा राहिला. वाकडं होतं, सरळ करून दिलंय, खूश होशील. हे शब्द घड्याळवाल्याचे नव्हतेच. सहा महिन्यांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर ते यानंच म्हटले होते, जसेच्या तसे. घड्याळवाल्यावर दात-ओठ खायला आला होता, आणि गुन्हा दोघांचा एकच निघाला. आता कोणाला बोलणार?

तो तसाच वळला आणि जिना चढायला लागला. घड्याळवाल्याला वाटलं, तीस वर्षांची दोस्ती गेली.

ताई स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. बत्तीशी दारात उभा राहिला. धाप लागली होती.

"ताई, तुझे दात कसे होते गं?"

ताईनं ताट खाली ठेवलं. तोंडावर हात नेला, आणि मग कोण जाणे का, तो परत खाली घेतला. बिनदातांच्या बोळक्या तोंडानं, शब्दांतून हवा सुटत असताना, ती म्हणाली, "आता विचारतोयस. माप घेतलंस, साचे काढलेस, आज बारा फोटो काढलेस. एवढं एक नाही विचारलंस."

त्यानं कबूल केलं. म्हणाला, तुला लाज वाटते असं वाटलं, फोटोत कधी तोंड उघडायची नाहीस. त्यावर ताई चक्क हसली. मिटलेलं तोंड फोटोपुरतं. आई म्हणायची तोंड मीट, म्हणून मिटायचं, एवढंच. दातांची कशाला लाज? वरचे मधले दोन, त्यांच्यात चांगली फट, आणि डावा किंचित आत वळलेला. त्या फटीवर तर तिचं अर्धं बालपण चाललं होतं.

"म्हणजे?"

"शिट्टी कुठून वाजवायची मी?"

बत्तीशीच्या डोळ्यांसमोर एकदम लहानपणचं मैदान आलं. संध्याकाळ व्हायची, खेळ ऐन रंगात यायचा, आणि दूर वरच्या गॅलरीतून ताईची शिट्टी यायची. एक लांब, एक आखूड. पोरं म्हणायची, चला, याला बोलावणं आलं. ती शिट्टी त्यानं हजार वेळा ऐकली होती, पण वाजवताना ताईला एकदाही पाहिलं नव्हतं. हा खाली, ती वर.

"ती तू बोटं घालून वाजवायचीस ना?" त्यानं विचारलं.

"हातात काम असायचं माझ्या," ताई म्हणाली. "एका हातात धुणं, एका हातात पातेलं. बोटं कुठून आणू?"

मग तिनं सांगितलं की नवी कवळी आली त्याच संध्याकाळी, कोणी नसताना, तिनं वाजवून पाहिली होती. नुसती हवा. दहादा वाजवली, दहादा हवा. दात सुंदर होते, पण ते दुसऱ्या कोणाचे तरी होते, आणि दुसऱ्याचे दात तोंडात घेऊन बोलायचं कसं? हे धाकट्या भावाला सांगावं तर त्यानं महिनाभर खपून केलेलं. म्हणून टोचतात म्हणाली.

बत्तीशीला रडू आलं. एकसष्ट वर्षांचा बाप्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून रडला, आणि ताईनं ताट पुसायचं फडकंच त्याच्या हातात दिलं.

डोळे पुसून तो खाली गेला आणि मेण, सुरी आणि छोटा दिवा घेऊन परत वर आला. ताईच्या जेवणाच्या टेबलावरच दुकान मांडलं. तो सुरी तापवायचा, मेण मऊ करायचा, दात सरकवायचा आणि तिच्या तोंडात बसवायचा. ती आरशात बघून हुकूम सोडायची. डावा अजून आत. एवढा नको. फट वाढव. यानं वाढवली तर म्हणाली, "अरे, बस जाईल त्यातून." तीस वर्षं त्यानं फटी बुजवण्याचे पैसे घेतले होते, आणि आता सुरीच्या टोकानं केस-केस मोजत एक फट घडवत होता. दीड तास ती अखंड बोलत होती. तोंडावरचा हात गेलाय, हे बत्तीशीच्या लक्षात आलं तेव्हा चहा गार झाला होता.

सोमवारी सकाळी घड्याळवाला दुकानात येऊन उभा. हातात एक बाटली. जुनं चिकट तेल शोधून आणलंय, म्हणाला, दे तो कॅमेरा, होता तसा बिघडवून देतो. दोघांनी मिळून दुपारपर्यंत खटपट केली. कधी कळ पूर्ण अडकायची, कधी सुसाट सुटायची. चार आणि दहा सेकंदांच्या मधला तो मुरलेला उशीर काही परत येईना. शेवटी घड्याळवाल्यानं हात पुसले आणि म्हणाला, बिघाड करता येत नाही रे, तो वर्षानुवर्षं व्हावा लागतो. बत्तीशी म्हणाला, राहू दे, मी आपला आता लोकांना विचारत जाईन. आणि खरंच विचारायला लागला. तुमचे दात कसे होते हो, म्हटलं की माणसं अशी सुटतात की त्यांना आवरावं लागतं. कॅमेरा वेळेवर खट् करतो, आणि ते त्यांच्या गावीही नसतं.

आठ दिवसांनी पक्की कवळी तयार झाली. ताई खाली आली, कवळी तोंडात बसवली, आरशात ओठ मिटूनच पाहिलं. "बघते," म्हणाली, आणि वर निघून गेली. बत्तीशीचा जीव टांगणीला. दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. एका म्हातारबाबांना त्यानं खालचे दात वर बसवून पाहिले.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो आणि घड्याळवाला दुकानाच्या पायरीवर उभे होते. रस्त्यावर कामावरून परतणाऱ्यांची वर्दळ. वरून कुठून तरी फुस्स असा आवाज आला, सायकलच्या चाकातली हवा जावी तसा. बत्तीशीनं मान वर केली नाही. त्याची हिंमतच नव्हती. पुन्हा फुस्स. मग मध्ये कितीतरी वेळ काहीच नाही. घड्याळवाला काहीतरी बोलत होता, ते याच्या कानात शिरत नव्हतं.

आणि मग आली. आधी जरा फाटकी, थरथरती, आणि लगेच सणसणीत, अख्ख्या रस्त्यावरून. एक लांब, एक आखूड. जाणारी दोन माणसं थांबून वर बघायला लागली.

बत्तीशी कधी निघाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. अंगावरचा प्लास्टरनं भरलेला डगला तसाच, एक चप्पल पायरीवरच राहिलेली.

"अरे, दुकान उघडं टाकून कुठे?" घड्याळवाल्यानं मागून विचारलं.

"घरी बोलावलंय," बत्तीशी म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढायला लागला.